हिची आई कोण?

बांडीच्या पाठीवर मी नखं फिरवली
तशी तिनं ओठ हलवले,
समोर नसलेलं गवत खाल्ल्यागत.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा खाजवा.
पुन्हा खाजवलं. पुन्हा ओठ.
पाठीला इचारलं की तोंड जाब देतंय,
आन् जाब कुणालाच कळंना.

आळत्याच्या वाटेवरचा विजेचा खांब
मांडीइतक्या उंचीवर काळा झालाय लोकरीनं.
चार महिनं तिनं तिथंच अंग घासलं.
आधी वाटलं खरूज. औषध चोळलं,
दोन सुया झाल्या, गोचीड वेचून रॉकेलात टाकली.
खरूज गेली असती तर खाज गेली असती.
मग मागचे पाय सशावाणी, दोन्ही एकदम.
खायाची पोटभर
आन् वाळत चाललेली.

बाई खाली बसून म्हणाल्या,
"स्क्रेपी असू शकतं. असेलच असं नाही,
मेंदू तपासल्याशिवाय कुणी सांगणार नाही.
औषध नाही यावर.
जंतू नव्हे हा. अंगातलंच एक प्रथिन,
घडी चुकलेलं,
शेजारच्यालाही तीच चूक शिकवणारं."
हे मला कळलं.
सणगराच्या मागावर एक धागा वाकडा जातो,
दिसतो मात्र हातभर विणून झाल्यावर.
"दिसायला दोन वर्षं लागतात, कधी पाच," बाई म्हणाल्या.
"उकळून जात नाही. मातीत पडलं की बसून राहतं."

मग वही काढली. हिची आई कोण?

मला शाळा न्हाई, पर कळप तोंडपाठ.
मोरी ही चितळीची, चितळी लंगडीची,
लंगडी माझ्या लग्नात आंदण आलेली.
एकशेचौदा मेंढरं, एकशेचौदा आया.
मालक बघत राहिले.
बांडीपाशी आलो आन् थांबलो.
बांडी वडगावच्या बाजारातली.
सस्त्यात मिळाली, दात बघितले, कास बघितली,
आई कुणीच इचारली न्हाई.

ती चौगुल्यांच्या रानात व्याली,
कळप खतासाठी बसवला होता तवा.
वार पडली. दोघीतिघींनी चाटली,
उरलेली कुत्र्यानं बांधाबांधानं वढत नेली.
म्या बघितलं होतं.
तवा ते बघण्यासारखं काय हुतं?

बांडीला मालकांनी सोताच धरलं.
बर्फाच्या डब्यातनं तिचं डोकं पुण्याला गेलं.
बाकीची खोल पुरली, चुना टाकून,
वढ्यापासनं लांब.
निकाल अजून आला न्हाई.
बाई म्हणतात, न्हाई निघालं तरी शिकलेलं वाया जात न्हाई.

आता व्यायला आलेली वेगळी बांधतो.
वार पडली की हातात पिशवी घालून उचलतो, जाळतो,
खालची माती खरवडून तीबी.
कुत्र्यानं दोन दिस माझ्याशी अबोला धरला.
कानात बिल्ले आलेत पिवळे,
पर बिल्ल्यावर आई नसती,
म्हणून दोरीला गाठी मारतो, एकेका घराण्याची एक दोरी.
खांबावरची लोकर विळ्यानं सोलून काढली.
चांगली लोकर, अर्धा किलो भरली असती.
पेटवली. जळत्या केसांचा वास
वायरमन गाडी थांबवून शिव्या देईपर्यंत.

गेल्या सोमवारी मालकांनी बाजारात एडका हेरला.
शिंगं अशी की मिरवणुकीत पुढं घालावा.
मी इकणाऱ्याला म्हणालो, ह्याची आई कुठाय?
तो हसला, बाजूचे हसले,
म्हणाला, आक्का, एडका घ्यायचाय का सोयरीक जुळवायचीया?
मी म्हणालो, सोयरीकच की.
रिकाम्या हातानं आलो.
मालक आळत्यापतोर बोलले न्हाईत.

बांडीची लेक हाय अजून.
दीड वर्षाची, गुबगुबीत, कळपात सगळ्यात खोडील.
तिला इकायचं न्हाई, एडक्याखाली सोडायचं न्हाई,
वेगळ्या वाड्यात एकलीच ठेवायची.
रातभर कळपाकडं तोंड करून वरडती.
दूध काढायच्या आधी, तांबडं फुटताना,
तिच्या पाठीवर मी नखं फिरवतो
आन् ओठांकडं बघतो.

आज न्हाई हलले.